सिगारेट कोपऱ्यावर, ती सोडण्याचे साधन काळ्या बाजारात : आरोग्य मंत्रालयास खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली
आणि
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंध कायदा, २०१९ चा फेरविचार करून, धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्या प्रौढांसाठी वैद्यकीय देखरेखीखालील मार्ग खुला करणेबाबत.

महोदय,

मी ठाण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. 'तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्था' या आपल्या मंत्रालयाच्या उपक्रमाची तपासणी-सूची भरण्याचे काम यंदा माझ्याकडे आले. आवारात तंबाखूविरोधी फलक आहे का, संस्थेपासून शंभर यार्डांची हद्द आखली आहे का, त्या हद्दीत तंबाखूची विक्री होते का, अशा स्वरूपाचे प्रश्न त्यात असतात. फलक आहे. हद्दीची पिवळी रेघही आहे, ती आम्हीच रंगवून घेतली. विक्रीच्या रकान्यात मात्र मी 'होते' असे लिहिले, तेव्हा एका सहकाऱ्याने काळजीच्या स्वरात विचारले की यामुळे संस्थेचे गुण कमी होतील, इतके खरे लिहायची गरज आहे का. मला ती गरज वाटते. त्या रकान्यात जे मावले नाही ते या पत्रात लिहिते आहे, आणि ते आपल्याबरोबर इतरांनीही वाचावे म्हणून उघडपणे लिहिते आहे.

या विषयाशी माझा संबंध केवळ शिक्षिका म्हणून नाही. माझे पती रबाळे एमआयडीसीतील एका कारखान्यात देखभाल विभागात अभियंता आहेत आणि पदविकेच्या वर्गात असल्यापासून सिगारेट ओढत आले आहेत. २०१६ साली त्यांची अँजिओप्लास्टी झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी कागदावर 'धूम्रपान पूर्ण बंद' असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. बंद कसे करायचे, याबद्दल त्या कागदावर एक ओळही नव्हती. त्यांनी मनापासून प्रयत्न केले. निकोटिनची च्युइंगगम आणली. ती साध्या गमसारखी सतत चघळायची नसते, जरा चावून, तिखट चव आली की गालाशी दाबून धरायची असते, हे औषधाच्या दुकानात कोणी सांगितले नाही, त्यामुळे घसा जळायचा आणि उचक्या लागायच्या. मी माहितीपत्रक वाचून पद्धत सांगितली, तोवर त्यांचे मन तिच्यावरून उडाले होते. निकोटिनचे पॅच लावले, तर कारखान्यातल्या उकाड्यात ते घामाने सुटून यायचे. डॉक्टरांनी नंतर दिलेल्या गोळ्यांनी त्यांची झोप उडाली. ज्यांना या उपायांनी गुण येतो त्यांच्याबद्दल मला आनंदच आहे. आमच्या घरी तो आला नाही.

माझी नणंद इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. त्या शहराच्या सरकारी धूम्रपानमुक्ती सेवेने २०१४ पासूनच ई-सिगारेट वापरून सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना दारातून परत न पाठवता सल्ला द्यायला सुरुवात केली होती. २०१८ साली ती आली तेव्हा तिने असे एक साधे उपकरण आणले. पेनापेक्षा जाडसर, वर द्रव भरायची छोटी टाकी, आत तापणारी तार, जी ठरावीक दिवसांनी बदलावी लागते. द्रवाच्या बाटलीवर निकोटिनचे प्रमाण, घटकांची नावे, उत्पादकाचा पत्ता आणि धोक्याची सूचना छापलेली होती. माझ्या पतींनी एका मिलिलिटरला १८ मिलिग्रॅम निकोटिनपासून सुरुवात केली, मग १२ वर आले, मग ६ वर. सिगारेट सुटली. हे मला कळले ते धुण्याच्या वेळी : वर्षानुवर्षे त्यांच्या शर्टाच्या खिशाच्या शिवणीत अडकलेला तंबाखूचा भुगा मी नखाने काढत आले होते, तो निघेनासा झाला. ठाणे स्थानकाचा पूल ते मध्ये न थांबता चढू लागले.

१८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी ५ डिसेंबरला कायद्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात हे सारे गुन्हे ठरले. नणंदेला 'यापुढे बाटल्या आणू नकोस' असे मीच फोन करून सांगितले, कारण कायदा मोडून आणलेल्या वस्तूवर माझ्या घराचे आरोग्य उभे करणे मला पटत नव्हते आणि आजही पटत नाही. घरात होत्या त्या बाटल्या संपल्या. काही काळाने पुन्हा सिगारेट सुरू झाली, आणि ती मिळवण्यासाठी माझ्या पतींना कोणताही कायदा मोडावा लागला नाही. कायदा पाळणाऱ्या एका घराला कायद्यानेच सिगारेटकडे परत पाठवले, ही माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार आहे.

महोदय, मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून या प्रश्नाचा गाभा मला त्याच बाजूने मांडू द्या. सिगारेटचे जळते टोक झुरका घेताना सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. त्या ज्वलनातून निघणाऱ्या धुरात हजारो रसायने असतात, त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगकारक म्हणून ओळखली गेली आहेत. त्यासोबत डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड शरीरात जातो. माणूस सिगारेटला चिकटून राहतो तो निकोटिनमुळे, आणि कर्करोग, फुप्फुसांचा विकार व हृदयविकार होतात ते प्रामुख्याने या धुरामुळे. ई-सिगारेटमध्ये तंबाखू नसतो आणि ज्वलन होत नाही. प्रोपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन यांच्या मिश्रणात विरघळवलेले निकोटिन गरम करून त्याची वाफ ओढली जाते. ती वाफ निरुपद्रवी आहे, असे मी म्हणत नाही. तार प्रमाणाबाहेर तापली तर त्याच द्रवापासून फॉर्माल्डिहाइड तयार होते, निकोटिन हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवते, आणि तीस-चाळीस वर्षांच्या वापराचे परिणाम काय होतात हे सांगता येण्याइतका काळ अजून गेलेलाच नाही. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही त्याने याला हात लावू नये, आणि मुलांच्या हाती तर ते कदापि पडू नये. माझे म्हणणे केवळ त्या प्रौढांपुरते आहे जे आज सिगारेट ओढत आहेत, ज्यांना ती सोडायची आहे, आणि ज्यांना गम-पॅचने साधलेले नाही.

या माणसांसाठी जगात काही पुरावा जमा झाला आहे की नाही, हे आपल्या मंत्रालयाने एकदा मोकळ्या मनाने पाहावे. ब्रिटनच्या सरकारी धूम्रपानमुक्ती केंद्रांत आलेल्या ८८६ जणांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका वर्षाअखेर ई-सिगारेट गटातील १८ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, तर गम, पॅच इत्यादी घेणाऱ्या गटातील ९.९ टक्के. त्याच चाचणीतील दुसरी गोष्टही सांगायला हवी : ई-सिगारेटने सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षाअखेरही ई-सिगारेट ओढतच होते, म्हणजे निकोटिन सुटलेले नव्हते. ज्यांना निकोटिनपासून पूर्ण मुक्ती हेच एकमेव यश वाटते त्यांना हा आकडा खटकेल. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या पत्नीला पहिला आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. कोक्रेन ही जगभरातील वैद्यकीय चाचण्यांचे परीक्षण करणारी संस्था आहे. निकोटिनयुक्त ई-सिगारेटने धूम्रपान सुटण्याचे प्रमाण गम-पॅचपेक्षा जास्त असते, याबाबतचा पुरावा उच्च खात्रीचा असल्याचे तिने २०२२ साली नोंदवले.

याच्या विरुद्ध बाजूलाही मोठ्या संस्था आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे २०१९ मध्ये श्वेतपत्रिका काढून संपूर्ण बंदीची शिफारस केली. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मुलांना वाचवण्यासाठी कडक पावले उचलण्याचे आवाहन केले आणि लोकसंख्येच्या पातळीवर ई-सिगारेट धूम्रपान सोडण्यास उपयोगी ठरल्याचे सिद्ध झालेले नाही, असे म्हटले. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०१५ मध्ये मांडलेला 'सुमारे ९५ टक्के कमी घातक' हा अंदाज तज्ज्ञांच्या मतांवर बेतलेला असल्याची टीकाही योग्य आहे, म्हणून मी माझा युक्तिवाद त्या अंदाजावर उभा करत नाही. ज्या विषयावर जाणकारांत इतका खरा मतभेद आहे, त्यावर आपण एका वटहुकमाने कायमचा पडदा टाकला आणि त्यानंतर जमलेला पुरावा जनतेसमोर तपासला नाही, ही माझी दुसरी तक्रार आहे.

त्या दिवसांतील वातावरण मला आठवते. २०१९ च्या ऑगस्टपासून अमेरिकेत वाफ ओढणाऱ्या तरुणांच्या फुप्फुसांना गंभीर इजा होत असल्याच्या बातम्या रोज येत होत्या. पुढे फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथे अशा ६८ जणांचा मृत्यू नोंदला गेला. पण तपासातून जे पुढे आले ते फारसे कोणी वाचले नाही : या इजेशी सर्वांत ठळक संबंध आढळला तो व्हिटॅमिन ई ॲसिटेट या पदार्थाचा, आणि तो प्रामुख्याने अनौपचारिक मार्गाने विकल्या जाणाऱ्या गांजाच्या अर्काच्या द्रवात मिसळलेला होता. परवाना नसलेल्या, तपासणी नसलेल्या मालाने माणसे मेली. यातून धडा घ्यायचा तर तो तपासणीचा घ्यायला हवा होता. आपण मात्र सगळाच व्यवहार अशा ठिकाणी ढकलला जिथे तपासणी शक्यच नाही.

याचा परिणाम मी वर्गात पाहते. अकरावीच्या एका मुलाच्या पाऊचमध्ये रंगीत पट्टीच्या पेनासारखी, हायलाइटरएवढी वस्तू मला सापडली. तासाला मागच्या बाकांवर आंब्याचा गोड वास येत होता, म्हणून मी गेले. खाली चार्जिंगची खाच, वर तोंडात धरायची चपटी नळी, बाजूला कार्टूनसारखे चित्र आणि '५ टक्के' एवढेच अक्षर. उत्पादकाचे नाव नाही, पत्ता नाही, घटक नाहीत, वयाची सूचना नाही. पाच टक्के म्हणजे एका मिलिलिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम निकोटिन. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये कायद्याची कमाल मर्यादा २० मिलिग्रॅम आहे. माझ्या पतींनी पंचवीस वर्षे सिगारेट ओढल्यानंतर सुरुवात केली तीसुद्धा १८ ने. सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात त्याच्या अडीचपटीहून अधिक तीव्रतेचा माल होता, आणि तोही लेबल खरे मानले तर. तो म्हणाला की मोबाइलवरच्या एका ग्रुपमध्ये क्रमांक मिळतो, पैसे पाठवले की स्टेशनजवळ कोणी तरी पाकीट आणून देतो, चौघे मिळून वर्गणी काढतात. त्याला वय कोणी विचारले नव्हते. बेकायदा विकणाऱ्याने ते का विचारावे?

म्हणून बंदीमुळे मुले सुरक्षित झाली, असे जेव्हा व्यासपीठावरून सांगितले जाते तेव्हा मला ते मान्य करता येत नाही. आपल्याच मंत्रालयाला २०२३ च्या मे महिन्यात जाहीर सूचना काढून बंदीची कडक अंमलबजावणी करा असे सांगावे लागले आणि तक्रारींसाठी वेगळे संकेतस्थळ उघडावे लागले, यावरूनच बंदी कशी चालली आहे ते दिसते. नवी मुंबईत पोलिसांनी अमली पदार्थांविरुद्ध मोहीम उघडली, तिचे मी स्वागत करते. पण पोलीस एका गाळ्यावर छापा घालतात आणि तोच धंदा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या क्रमांकावरून सुरू होतो, हे वाशी-नेरुळपासून घोडबंदर रस्त्यापर्यंत कॉलेजची मुले असलेल्या कोणत्याही घरात विचारा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. त्या बंदीची पाकिटे रोज सकाळी आमच्या फाटकापाशी झाडून काढावी लागतात.

आता याच्या शेजारी सिगारेट ठेवून पाहा. ई-सिगारेट विकणाऱ्यास पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसत्या साठवणुकीला सहा महिने किंवा पन्नास हजार. दुसरीकडे, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत किंवा अठरा वर्षांखालील मुलाला सिगारेट विकली तर २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात दंड आहे दोनशे रुपयांपर्यंत. बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमात मुलांना तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंतची सक्तमजुरी आहे हे मला माहीत आहे, पण ते कलम एखाद्या टपरीवर लागलेले मी माझ्या नोकरीच्या आयुष्यात पाहिलेले नाही. राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट आणि बिड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. तो निर्णय फार चांगला होता, कारण पाकिटाच्या ८५ टक्के भागावर छापलेले भयंकर चित्र सुटी सिगारेट घेणाऱ्याला कधी दिसतच नाही. आज आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या टपरीवर सुटी सिगारेट मिळते आणि शेजारी दोरीला टांगलेला लायटरही मिळतो. तंबाखूमुळे भारतात दरवर्षी सुमारे साडेतेरा लाख माणसे मरतात, असे सरकारच्याच कागदपत्रांत लिहिलेले असते. ज्या वस्तूने ही माणसे मरतात ती गल्लीच्या तोंडाशी परवानगीने मिळते. ती सोडण्यासाठी काहींना उपयोगी पडलेले साधन विकले तर कैद होते. या विसंगतीचे उत्तर मी माझ्या विद्यार्थ्यांना कसे द्यावे, हे आपणच सांगावे.

'सिगारेटवरही बंदी घालता येईल, ती मागा' असे मला काही जण सुचवतात. मी ती मागत नाही. गुटख्याचा अनुभव समोर असताना आणखी एक बंदी कागदावर वाढवण्यात मला अर्थ दिसत नाही.

'मग पर्यायी उपचार तर आहेत' हे उत्तर मी ऐकून आहे, म्हणून त्याबद्दलही लिहिते. तंबाखू सोडण्यासाठीचा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापला जातो आणि तिथे बोलणारे समुपदेशक आस्थेने बोलतात, हा आमचा अनुभव आहे. निकोटिन पर्यायी उपचार २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आला, हेही चांगलेच झाले. पण अत्यावश्यक ठरलेले औषध आमच्या परिसरातील सरकारी दवाखान्यात मागितले तेव्हा खिडकीवरच्या परिचारिकेला ते काय आहे हेच सांगावे लागले. तिचा दोष नाही, तिच्या कपाटात ते कधी आलेच नसावे. खासगी दुकानात गम मिळते, पण बिडी ओढणाऱ्या नाका कामगाराने रोजच्या आठ-दहा गम कोणत्या मजुरीतून घ्याव्यात? बंदी घालताना सरकारने सोडू पाहणाऱ्याच्या हातून एक साधन काढून घेतले, तेव्हा दुसरे त्याच्या हाती देण्याची जबाबदारीही सरकारवर आली. ती पार पडलेली नाही.

एक गोष्ट मला स्पष्टपणे मान्य केली पाहिजे, नाहीतर हे पत्र अपुरे राहील. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते. एकूण प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर मळलेला तंबाखू, खर्रा, मशेरी अशा धूररहित प्रकारांचे सेवन करणारे २४.४ टक्के; काही जण दोन्ही करतात. म्हणजे राज्याचा मुख्य प्रश्न तोंडातला तंबाखू आहे आणि ई-सिगारेटने तो सुटणार नाही. माझ्या माहेरच्या गावी पहाटे चुलीपाशी मशेरी लावणाऱ्या बायकांना या पत्रातून काहीही मिळणार नाही, याचे मला वाईट वाटते. त्यांच्यासाठी गावोगावच्या आरोग्य केंद्रांत समुपदेशन आणि दातांची नियमित तपासणी हवी. परंतु देशभराचा विचार केला तर त्याच सर्वेक्षणात १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे होते, म्हणजे जवळपास दहा कोटी माणसे. एवढ्या माणसांचा प्रश्न लहान म्हणून बाजूला सारता येत नाही.

महोदय, आता मी ज्यासाठी हे पत्र लिहिले त्या मुद्द्याकडे येते. २०१९ च्या कायद्यात ई-सिगारेटची व्याख्या करताना शेवटी एक वाक्यांश जोडलेला आहे : औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली परवाना मिळालेले उत्पादन या व्याख्येत येत नाही. म्हणजे संसदेने दार भिंतीत बसवून ठेवले आहे, फक्त ते कोणी उघडलेले नाही. एखादे उपकरण औषध म्हणून तपासून, प्रमाण ठरवून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर देता येण्यासाठी कायदा बदलण्याचीही गरज नाही. गरज आहे ती कोणते निकष लागतील हे औषध नियंत्रकांनी जाहीर करण्याची, आणि देशातील रुग्णालयांना निर्भयपणे चाचण्या घेता येतील अशी लेखी स्पष्टता देण्याची. साठवण हाच गुन्हा असताना कोणते रुग्णालय स्वतःहून पुढे येईल?

ऑस्ट्रेलियाने जवळपास हाच रस्ता धरला आहे. तिथे १ जुलै २०२४ पासून ई-सिगारेट केवळ औषधांच्या दुकानात मिळते. ऑक्टोबर २०२४ पासून प्रौढांना ठरावीक तीव्रतेपर्यंतचे उत्पादन फार्मासिस्टशी बोलून घेता येते, त्यापुढच्या तीव्रतेला चिठ्ठी लागते. पानाच्या दुकानात, किराणा दुकानात विक्रीला पूर्ण मज्जाव. तिथेही काळा बाजार संपलेला नाही, हे मी जाणून आहे. पण सिगारेट सोडू पाहणाऱ्या माणसाला तिथे निदान एक सरळ रस्ता आहे. ब्रिटनने तर प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांना सरकारी खर्चाने उपकरणे देण्याची योजना आखली आणि पुढे मुलांना भुरळ घालणाऱ्या, एकदा वापरून फेकायच्या ई-सिगारेटवर १ जून २०२५ पासून बंदी घातली. प्रौढांची सोय आणि मुलांचे संरक्षण ही दोन्ही कामे एकाच देशाला करता येतात, हे यातून दिसते.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

केंद्रीय मंत्रालयाने २०१९ नंतर जगभर आणि भारतात जमलेल्या पुराव्याचा फेरविचार करण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमावी. तिच्यात हृदयरोग, फुप्फुसरोग, कर्करोग, मानसोपचार आणि बालरोग यांचे जाणकार असावेत, तंबाखू किंवा ई-सिगारेट उद्योगाचा पैसा घेतलेली एकही व्यक्ती नसावी, आणि ज्यांनी स्वतः धूम्रपान सोडले किंवा सोडण्याचा प्रयत्न केला अशा सामान्य माणसांची साक्ष समितीने नोंदवावी. समितीचा अहवाल मराठीसह भारतीय भाषांत प्रसिद्ध करावा.

व्याख्येतील त्या अपवादाचा वापर करून, इतर उपचार निष्फळ ठरलेल्या प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे, निकोटिनची कमाल मर्यादा असलेले, पुन्हा भरता येणारे, मिठाई-फळांच्या स्वादाविना आणि साध्या पाकिटात येणारे उपकरण तपासणीसाठी स्वीकारले जाईल, असे औषध नियंत्रकांनी जाहीर करावे. जाहिरात आणि टपरीवरील विक्री यांवरील बंदी तशीच राहावी. मी बाजार खुला करा असे म्हणत नाही.

जप्त होणाऱ्या ई-सिगारेटचे नमुने सरकारी प्रयोगशाळेत तपासून त्यात निकोटिन किती, जड धातू किती, आणखी काय मिसळलेले आहे, हे वेळोवेळी जाहीर करावे. आज जप्तीच्या बातमीत फक्त मालाची किंमत छापून येते. माझ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना त्या मालात काय आहे हे कळले तर तंबाखूविरोधी कोणत्याही शपथेपेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

राज्य सरकारने आणि ठाणे व नवी मुंबई या दोन्ही महापालिकांनी आपापल्या प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात निकोटिनची गम व पॅच मोफत उपलब्ध करावेत आणि ते कसे वापरायचे हे मराठीत समजावून सांगणारी प्रशिक्षित व्यक्ती नेमावी. ही मागणी कोणत्याही समितीच्या अहवालासाठी थांबवण्याचे कारण नाही. हृदयविकार आणि क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाला घरी सोडताना, सिगारेट बंद करण्याच्या सूचनेसोबत ती कशी बंद करायची याचा लेखी आराखडाही द्यावा.

सुट्या सिगारेटच्या विक्रीवरील २०२० ची बंदी आणि शंभर यार्डांचा नियम यांची अंमलबजावणी ज्या अधिकाऱ्याकडे आहे त्याचे पद आणि कार्यालयाचा दूरध्वनी प्रत्येक शाळेच्या फलकावर लिहावा. आम्ही तक्रार कोणाकडे करायची, हेच आज आम्हाला नेमके माहीत नसते.

शेवटी, ज्या मुलांकडे ही उपकरणे सापडतात त्यांचे काय करायचे याची लेखी कार्यपद्धती आम्हा शिक्षकांना द्यावी. त्या मुलाचा पाऊच हातात घेऊन मी उभी होते तेव्हा पोलिसांना कळवावे, पालकांना बोलवावे की समुपदेशकाकडे न्यावे, हे सांगणारा एकही कागद माझ्याकडे नव्हता. मी पालकांना बोलावले. त्याचे वडील खाली मान घालून बसले, कारण त्यांच्या स्वतःच्या खिशात सिगारेटचे पाकीट होते. अशा मुलांना गुन्हेगार ठरवू नये, त्यांचे व्यसन सोडवावे, आणि कायद्याचा बडगा विकणाऱ्यावर राहावा, असे त्या कार्यपद्धतीत स्पष्ट असावे.

या मागण्यांपैकी कोणती मान्य आहे, कोणती नाही, आणि नसल्यास कोणत्या पुराव्याच्या आधारे नाही, याचे लेखी उत्तर मला आपल्याकडून हवे आहे. बंदी कायम ठेवण्याचा निर्णय झाला तरी त्यामागची कारणे सामान्य माणसाला वाचता येतील अशा शब्दांत मिळावीत. ते उत्तर जसेच्या तसे मी आमच्या पुढच्या पालकसभेत वाचून दाखवीन.

आपली नम्र,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका
नौपाडा, ठाणे (पश्चिम)